कार्ड पालथं करून बघा: शंभर वर्षांपूर्वीच्या बेसबॉल कार्डांच्या पाठीवरच्या जाहिराती

काही वर्षांपूर्वी न्यू जर्सीत एका कार्ड शोला गेलो होतो. मोठा हॉल, लांबच लांब टेबलं, काचेखाली मांडलेली जुनी बेसबॉल कार्डं, आणि एका टेबलावर एक वयस्कर गृहस्थ प्रत्येक गिऱ्हाइकाच्या हातात कार्ड देताना ते पालथं करून देत होते. म्हणजे खेळाडूचा चेहरा खाली आणि जाहिरात वर. मी थोडा वेळ उभा राहून बघत होतो. मग त्यांनी माझ्याही हातात एक ठेवलं, आगपेटीपेक्षा थोडंसं मोठं, कोपरे झिजलेलं, आणि त्याच्या पाठीवर तपकिरी शाईत ठळक अक्षरांत छापलेलं "हिंदू". खाली "सिगारेट्स". मी दोनदा वाचलं. अमेरिकेतला बेसबॉलचा खेळाडू पुढे आणि पाठीवर हिंदू सिगारेट, हे काय प्रकरण आहे म्हणून विचारलं, आणि तिथून जो नाद लागला तो आजवर सुटलेला नाही.

आपल्याकडे बऱ्याच जणांना बेसबॉल कार्ड म्हणजे एवढंच माहीत असतं की कुठल्यातरी कार्डाला कोट्यवधी रुपये मिळाले अशी बातमी अधूनमधून येते. पण ती किंमत का येते, आणि त्यात पाठीवरच्या जाहिरातीचा काय संबंध, हे कुणी नीट सांगत नाही, म्हणून हा लेख. बेसबॉल कळत नसला तरी चालेल. मलाही तेव्हा फारसा कळत नव्हता.

सुरुवात सिगारेटपासूनच करावी लागते. १८८० पर्यंत अमेरिकेत सिगारेट हाताने वळायचे, कारागीर बसून एकेक वळणार, त्यामुळे माल थोडा. मग जेम्स बॉन्सॅक नावाच्या तरुणाने सिगारेट वळणारं मशीन बनवलं, आणि नॉर्थ कॅरोलिनातल्या जेम्स ड्यूकने ते आपल्या कारखान्यात लावलं. एक मशीन दिवसाला लाखभर सिगारेटी काढायला लागलं. आता माल एवढा निघतोय तर तो विकायचा कसा? पाकीट तेव्हा मऊ कागदाचं असायचं, आत सिगारेटी चेपायच्या, म्हणून आत एक पुठ्ठ्याचा तुकडा घालायचे. तो कोरा कशाला ठेवायचा, त्यावर चित्र छापू, असा विचार झाला, आणि मग नट्या, राजे-महाराजे, पक्षी, झेंडे, बॉक्सर आणि बेसबॉलपटू सगळे सिगारेटच्या पाकिटात येऊन बसले. रिचमंडच्या ॲलन अँड गिंटर कंपनीने १८८७ साली खेळाडूंचा ५० कार्डांचा रंगीत संच काढला, न्यूयॉर्कच्या गुडविन कंपनीने ओल्ड जज सिगारेटबरोबर खऱ्या फोटोंची कार्डं दिली. काही कार्डांमागे कंपनीचं नाव, संचाची यादी, असं काहीतरी असायचं.

खरं तर जाहिरातीची पाठ त्याच्याही आधीची आहे. १८६९ मध्ये न्यूयॉर्कचं पेक अँड स्नायडर नावाचं खेळाच्या सामानाचं दुकान होतं, त्यांनी सिनसिनाटी रेड स्टॉकिंग्ज या टीमचा फोटो कार्डावर लावला आणि मागे आपल्या दुकानाची जाहिरात छापली. म्हणजे त्या कार्डाचं मूळ काम जाहिरातीचंच, खेळाडूंचा फोटो हे आमिष. ही गोष्ट डोक्यात पक्की ठेवा कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. आज आपण ज्याला पुढची बाजू म्हणतो ती कंपनीच्या दृष्टीने गिऱ्हाइकाला थांबवायची बाजू होती, आणि कंपनीने पैसे खर्च केले ते मागच्या बाजूसाठी.

१८९० मध्ये ड्यूकने पाच मोठ्या सिगारेट कंपन्या एकत्र आणून अमेरिकन टोबॅको कंपनी उभी केली. त्यात ॲलन अँड गिंटर पण आली आणि गुडविन पण. म्हणजे ज्या कंपन्या एकमेकींशी चढाओढ करत कार्डं वाटत होत्या त्या सगळ्या एका छत्राखाली आल्या. आता स्पर्धाच नाही तर कार्डावर कशाला खर्च करायचा! पुढच्या काही वर्षांत पाकिटातली कार्डं जवळपास बंद पडली. आणि मग १९०९ मध्ये याच मक्तेदार कंपनीने पुन्हा कार्डं काढली, यावेळी प्रचंड प्रमाणावर, आणि तोच आमचा मुख्य विषय.

या संचाला आज टी-२०६ म्हणतात. १९०९ ते १९११ या काळात निघाला, पांढरी किनार, मध्ये लिथोग्राफीने, म्हणजे दगडावरून छापलेलं खेळाडूचं रंगीत चित्र, खाली त्याचं आडनाव आणि गाव. एकूण ५२४ वेगवेगळी कार्डं धरतात, त्यात मोठ्या लीगचे ३९०, छोट्या लीगचे ८६ आणि दक्षिणेतल्या लीगचे ४८. आकाराने दीड इंच बाय अडीच इंचाच्या आसपास. चित्रं इतकी सुंदर आहेत की बघत राहावं, पाठीमागे केशरी किंवा हिरवं आभाळ, सपाट रंग, चेहऱ्यावर बारीक ठिपक्यांची छाया. लिथोग्राफीत प्रत्येक रंगाची वेगळी छपाई होते आणि सगळे रंग एकावर एक नेमके बसावे लागतात. आपल्याकडे साधारण त्याच काळात राजा रवि वर्मांच्या छापखान्यातून, म्हणजे आधी मुंबईत आणि मग लोणावळ्याजवळ मळवलीला, लक्ष्मी-सरस्वतीची जी चित्रं निघून घराघरात गेली ती याच तंत्राची. आजीच्या देवघरातलं ते जुनं चित्र भिंगाखाली धरलंत तर जे ठिपके दिसतील, तसेच ठिपके या कार्डांवर दिसतात. मला हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा फार बरं वाटलं होतं.

आता पाठ. अमेरिकन टोबॅकोकडे ब्रँड ढीगभर होते, कारण बऱ्याच कंपन्या गिळून ती मोठी झाली होती. त्यामुळे त्यांनी काय केलं, खेळाडूंची चित्रं एकदाच तयार केली आणि मागच्या बाजूला ज्या ब्रँडच्या पाकिटात कार्ड जायचंय त्याची जाहिरात छापली. असे १६ ब्रँड आहेत. पीडमाँट, स्वीट कॅपोरल, सॉव्हरिन, ओल्ड मिल, पोलर बेअर, अमेरिकन ब्यूटी, सायकल, टॉल्स्टॉय, हिंदू, एल प्रिन्सिपे दे गालेस, कॅरोलिना ब्राइट्स, लेनॉक्स, ब्रॉड लीफ, उझिट, ड्रम, आणि शेवटचा टाय कॉब. म्हणजे पुढचं चित्र एकच पण पाठ १६ पैकी कुठलीही असू शकते (प्रत्येक चित्राला सगळ्या पाठी मिळत नाहीत, ते पुढे सांगतो), त्यात पुन्हा शाईचे रंग आणि कारखान्याचे नंबर वेगळे, असं करत पुढची आणि मागची जोडी धरून हजारो प्रकार होतात. संग्राहकांनी या संचाला "मॉन्स्टर" असं टोपणनाव दिलंय ते यामुळेच.

हिंदूचं कोडंही इथे सुटतं. त्या काळात अमेरिकेत टर्किश तंबाखू भारी समजला जायचा आणि पूर्वेकडचं काहीही नाव दिलं की सिगारेट ऐटबाज वाटायची. मक्का, हसन, फातिमा अशा नावांच्या सिगारेटी होत्या आणि त्यांच्याबरोबरही कार्डं यायची. हिंदू हे त्याच रांगेतलं नाव. त्या नावाला भारताशी काही देणंघेणं नव्हतं, दुकानातल्या फळीवर उठून दिसण्याशी होतं.

पाठ वाचायची कशी ते एका उदाहरणाने सांगतो. साधं पीडमाँटचं कार्ड घ्या. निळी शाई. वर "बेस बॉल सिरीज", तेव्हा बेस बॉल हे दोन वेगळे शब्द लिहायचे. मग "१५० सब्जेक्ट्स" किंवा ३५० किंवा ४६०, काही ब्रँडवर ३५०-४६० असंही असतं. मग ब्रँडचं नाव आणि जाहिरातीची एखादी ओळ. आणि अगदी खाली बारीक अक्षरात कारखान्याचा नंबर, "फॅक्टरी नंबर २५, सेकंड डिस्ट्रिक्ट, व्हर्जिनिया" असं काहीतरी. तंबाखूवर सरकारचा कर होता आणि माल कुठल्या कारखान्यात, कुठल्या कर-विभागात भरला हे छापणं भाग होतं, म्हणून ती ओळ आली. सरकारी कटकट म्हणून छापलेली ओळ, पण आज आम्हाला तिच्यामुळे कार्डाचं गाव कळतं.

तो १५०-३५०-४६० आकडा तर त्याहून कामाचा. तो संचाचा नेमका आकडा म्हणून घेऊ नका, हिशेब तंतोतंत जुळत नाही. तो काळाचा शिक्का समजा. १५० म्हणजे सगळ्यात आधीची छपाई, १९०९ ची. ३५० त्यानंतरची, ४६० शेवटची, १९१०-११ ची. म्हणजे कार्ड पालथं केलं की ते आधी छापलं की नंतर, कुठल्या कारखान्यात गेलं आणि कुठल्या पाकिटात बसलं, एवढं सगळं समजतं. पुढच्या बाजूला यातलं काहीच नाही. पुढे फक्त माणूस आहे. म्हणून मी म्हणतो की चेहरा खेळाडूचा असतो आणि पाठ कार्डाची स्वतःची असते, आणि कार्ड जमवणाऱ्याने दोन्ही वाचायला शिकावं.

हे वाचता आलं की काय काय उलगडतं बघा. फिलाडेल्फियाचा एक खेळाडू होता, शेरी मगी, त्याचं स्पेलिंग पहिल्या छपाईत चुकलं, शेवटून दुसरं अक्षर ई ऐवजी आय पडलं. मग सुधारलं. चुकीचं कार्ड आज खूप महाग आहे. पण गंमत अशी की ते चुकीचं कार्ड फक्त पीडमाँट १५० पाठीवरच मिळतं, दुसऱ्या कुठल्याही पाठीवर नाही. याचा अर्थ काय? त्याचं कार्ड पहिल्यांदा पीडमाँटसाठी छापलं गेलं, कुणाच्या तरी लक्षात चूक आली, आणि बाकीच्या ब्रँडची पाळी येण्याआधी ती दुरुस्त झाली. शंभरहून जास्त वर्षांपूर्वी छापखान्यात कामाचा क्रम काय होता हे आपल्याला कुणाच्या डायरीतून कळलेलं नाही, कार्डांच्या पाठींनी सांगितलं.

किंवा रे डेमिट आणि बिल ओहारा घ्या. दोघंही आधी न्यूयॉर्कच्या टीममध्ये (दोन वेगवेगळ्या टीम, पण गाव न्यूयॉर्कच), दोघंही नंतर सेंट लुईसला गेले. त्यांच्या कार्डावर आधी "न्यूयॉर्क" आहे आणि मग बदलून "सेंट लुईस" केलंय. हे सेंट लुईसवालं रूप फक्त पोलर बेअर पाठीवरच सापडतं. म्हणजे ही दुरुस्ती झाली तेव्हा मशीनवर पोलर बेअरचा माल होता एवढं नक्की. आणि पोलर बेअर ही सिगारेट नव्हतीच, तो सुटा तंबाखू होता पुडीतला, कार्ड थेट तंबाखूत पडलेलं असायचं, त्यामुळे या पाठीची कार्डं बरेचदा तपकिरी डागांची मिळतात. नवखा माणूस डाग बघून नाक मुरडतो. मला ते डाग आवडतात, पुडीतून आल्याची खूण आहे ती.

अमेरिकन ब्यूटीचा माझा स्वतःचा अनुभव सांगतो. सुरुवातीच्या दिवसांत एका विक्रेत्याकडे या ब्रँडचं हिरव्या पाठीचं कार्ड बघितलं, भाव बरा होता, पण घरच्या कार्डापेक्षा ते स्पष्ट अरुंद होतं. मी लगेच समजलो की कुणीतरी कडा कापल्यात, आणि सोडून दिलं. कडा कापणं हा या धंद्यातला मोठा गुन्हा, झिजलेली कड कापून कोरी करकरीत दाखवतात. नंतर समजलं की अमेरिकन ब्यूटीची कार्डं मुळातच अरुंद कापलेली असतात, कारण त्यांचं पाकीटच बारीक होतं. ते कार्ड बहुतेक अगदी बरोबर होतं. तेव्हापासून पट्टी लावण्याआधी पाठ वाचतो.

आता दुर्मिळपणाकडे येऊ, कारण पैसा तिथे आहे. पीडमाँट आणि स्वीट कॅपोरल हे दोन ब्रँड खूप खपायचे, देशभर जायचे, त्यामुळे त्यांच्या पाठी सर्वात जास्त. झिजलेलं, साध्या खेळाडूचं पीडमाँट आजही शंभर डॉलरच्या आत सहज मिळतं. त्यानंतर मधली पायरी येते, ओल्ड मिल, सॉव्हरिन, पोलर बेअर. त्यापुढे सायकल, टॉल्स्टॉय, तपकिरी हिंदू अशा पाठी. आणि मग खरोखर अवघड: लाल शाईचं हिंदू, कॅरोलिना ब्राइट्स, लेनॉक्स (त्यातही काळ्या शाईपेक्षा तपकिरी शाईचं फार दुर्मिळ), उझिट, ड्रम, ब्रॉड लीफ ४६०. हे ब्रँड कमी खपले किंवा थोड्या भागातच विकले गेले, त्यामुळे त्यांच्यासाठी कार्डंही कमी छापली. याचा परिणाम असा होतो की ज्याचं नाव आज कुणाला आठवत नाही अशा खेळाडूचं ड्रम पाठीचं कार्ड एखाद्या मोठ्या नावाच्या पीडमाँट कार्डापेक्षा महाग जातं. बाहेरच्या माणसाला हे वेडेपण वाटतं. पण विचार करा, चित्र तेच असलं तरी ती विशिष्ट वस्तू जगात मोजकीच उरलीय.

सगळ्यात वरची पाठ टाय कॉबची. टाय कॉब हा त्या काळचा डेट्रॉइटचा थोर खेळाडू, त्याची या संचात चार वेगळी चित्रं आहेत. त्यातल्या लाल पार्श्वभूमीच्या चेहऱ्याच्या काही कार्डांच्या पाठीवर पीडमाँट वगैरे काही नसून "टाय कॉब, किंग ऑफ द स्मोकिंग टोबॅको वर्ल्ड" असं छापलंय. म्हणजे त्याच्याच नावाचा तंबाखू आणि त्याचंच कार्ड. २०१६ च्या आधी अशी जेमतेम पंधरा कार्डं माहीत होती. मग त्या वर्षी अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या एका कुटुंबाला जुन्या घरात पणजोबांच्या सामानात एक चुरगळलेली कागदी पिशवी मिळाली, फेकून देणारच होते, आत सात कार्डं, साती टाय कॉब पाठीची! लोक म्हणतात लिलावाचा आकडा सांगा, मला मात्र सारखी ती पिशवी डोळ्यासमोर येते, कचऱ्यात जाता जाता राहिलेली. हे कार्ड टी-२०६ मध्ये धरायचं की वेगळं, यावर जाणकारांचे वाद अजून चालू आहेत. त्याचा कागद चकचकीत आहे, बाकीच्यांसारखा नाही. मला विचाराल तर धरावं, पण माझ्या मताला तिथे कुणी विचारात घेईल असं नाही, मोठमोठी माणसं भांडतायत.

होनस वॅग्नरचं, म्हणजे या संचातल्या सगळ्यात प्रसिद्ध कार्डाचं, सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही, तरी मी थोडक्यातच सांगणार. पिट्सबर्गचा हा खेळाडू, त्याने आपलं चित्र वापरायला नकार दिला, म्हणून त्याचं कार्ड छपाई सुरू झाल्यावर लवकरच थांबवलं. मुलांनी कार्डासाठी तंबाखू घेऊ नये म्हणून नाही म्हणाला असं एक मत, पैशाची बोलणी फिसकटली असं दुसरं मत, तो स्वतः तंबाखू चघळायचा हेही खरं. आज साधारण पन्नास-साठ कार्डं उरलीत. २०२२ मध्ये त्यातलं एक ७२.५ लाख डॉलरला गेलं. पाठीच्या भाषेत बोलायचं तर सगळी वॅग्नर १५० सिरीजची, म्हणजे पहिल्याच टप्प्यातली, बहुतेक स्वीट कॅपोरलची आणि अगदी मोजकी पीडमाँटची. ३५० लिहिलेलं वॅग्नर कुणी दाखवलं तर हात जोडा आणि निघा.

सर्वात गाजलेलं वॅग्नर पीडमाँटचंच आहे. आइस हॉकीचा खेळाडू वेन ग्रेट्झ्की आणि त्याच्या भागीदाराने १९९१ मध्ये ते ४,५१,००० डॉलरला घेतलं होतं. कार्डांचा दर्जा ठरवून प्लॅस्टिकच्या डबीत सील करून देणारी पीएसए कंपनी तेव्हा नवीन होती, त्यांनी नंबर घातलेलं पहिलं कार्ड हेच, दर्जा ८. वर्षानुवर्षं कुजबुज होती की कडा कापल्यात, आणि २०१३ मध्ये ते आधी ज्याच्या हातातून गेलं होतं त्याने कोर्टात कबूल केलं की हो, कापल्या होत्या. म्हणून डबीवरचा आकडा बघून डोळे मिटू नका, आतलं कार्ड बघा.

टी-२०६ हे नाव कुठून आलं ते सांगायचं राहिलं, आणि हा भाग मला सगळ्यात जवळचा आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या सिराक्यूजमध्ये जेफरसन बर्डिक नावाचा माणूस होता, कारखान्यात साधी नोकरी, संधिवाताने हातपाय आखडत चाललेले, लग्न नाही. या माणसाने आयुष्यभर छापील कागद गोळा केले, कार्डं, पोस्टकार्डं, लेबलं, आणि त्यांची यादी केली. १९३९ मध्ये त्याने सूची छापली आणि पुढे प्रत्येक प्रकाराला अक्षर दिलं. एन म्हणजे एकोणिसाव्या शतकातली तंबाखूची कार्डं, टी म्हणजे विसाव्या शतकातली, ई म्हणजे जुनी गोळ्या-चॉकलेटवाल्यांची, डी बेकरीची, एम मासिकं-वर्तमानपत्रांची, आर नंतरची च्युइंगमची. टी-२०६ म्हणजे त्याच्या यादीतला तंबाखूचा २०६ नंबरचा संच. आजही जगभर लिलावात हीच नावं चालतात. आपला तीन लाखांहून जास्त नगांचा संग्रह त्याने न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला देऊन टाकला, आणि तो अल्बममध्ये लावायला स्वतः तिथे जाऊन बसायचा, दुखऱ्या हातांनी चिकटवत. १९६३ च्या जानेवारीत काम संपवलं आणि मार्चमध्ये गेला. बघा, त्याने वर्गवारी केली ती खेळाडूवरून नाही, कार्ड कोणी आणि कशाबरोबर वाटलं त्यावरून. म्हणजे पाठीवरूनच.

सिगारेट सोडूनही हा खेळ पुढे चालू राहिला. १९११ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने अमेरिकन टोबॅको मक्तेदारी म्हणून मोडून काढली, ब्रँड वेगवेगळ्या कंपन्यांत वाटले गेले, म्हणजे एका चित्राला सोळा ब्रँडची पाठ हे ज्या व्यवस्थेमुळे शक्य झालं ती व्यवस्थाच संपली. मग गोडाधोडाची कार्डं जोरात आली. क्रॅकर जॅक म्हणजे पाकातल्या लाह्या-शेंगदाण्यांचा डबा, त्यात १९१४ ला १४४ कार्डं आणि १९१५ ला १७६. पहिल्या वर्षीची फक्त डब्यातूनच मिळायची म्हणून पाकाने डागाळलेली. दुसऱ्या वर्षी १०० कुपनं पाठवली, किंवा एक कुपन आणि २५ सेंट, की पूर्ण संच टपालाने घरी, त्यामुळे १९१५ ची बरीच स्वच्छ मिळतात. आणि दोन्ही वर्षं ओळखायची सोपी खूण परत पाठीवरच: १९१५ चं कार्ड पालथं केलं की मजकूर उलटा दिसतो, डोकं खाली पाय वर.

आणि १९१६ चं एक प्रकरण तर मला फारच आवडतं. शिकागोच्या फेलिक्स मेंडेलसोनने २०० खेळाडूंची काळी-पांढरी कार्डं छापली आणि सरळ दुकानदारांना विकायला काढली, मागची बाजू तुमची, हवी ती जाहिरात छापा. सेंट लुईसच्या फेमस अँड बार या मोठ्या दुकानाने घेतली, गिंबल्सने घेतली, सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टँडर्ड बिस्किटने, मॅसॅच्युसेट्सच्या मोरहाउस बेकिंगने, स्पोर्टिंग न्यूज या साप्ताहिकाने, आणि काही कोरीच राहिली. या संचात पुढे बेसबॉलचा मोठा तारा झालेल्या बेब रूथचं सुरुवातीचं कार्ड आहे, तेव्हा तो बॉस्टनचा तरुण पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, नंबर १५१. तोच फोटो, तेच वर्ष, पण मागे कोरं आहे की एखाद्या बेकरीचं नाव आहे यावर भाव कुठल्या कुठे जातो. आपल्याकडे दिवाळीत छापखानेवाला एकच कॅलेंडर छापून खाली किराणा दुकानाचं, सराफाचं, पतपेढीचं नाव टाकून देतो ना, अगदी तेच.

आता कुणाला घ्यायचंच असेल तर दोन-चार गोष्टी मनापासून सांगतो. पहिलं कार्ड स्वस्त घ्या, झिजलेलं, साध्या खेळाडूचं पीडमाँट किंवा स्वीट कॅपोरल, आणि ते हातात धरून नीट ओळखीचं करून घ्या, कागद किती जाड, कडा कशा, शाई कशी बसलीय. मग दहा पट दाखवणारं भिंग घ्या. जुन्या लिथोग्राफीत ठिपके हाताने टाकल्यासारखे विखुरलेले असतात आणि अक्षरं भरीव असतात. आजच्या नकली छपाईत ठिपक्यांची एकसारखी जाळी दिसते आणि बरेचदा अक्षरंही त्याच जाळीची बनलेली असतात. काळोखात अतिनील टॉर्च मारा, आधुनिक कागदात चमक आणणारी रसायनं असतात, तो निळसर-पांढरा उजळतो, १९१० चा कागद मंदच राहतो. दुर्मिळ पाठीच्या बाबतीत एक वेगळी फसवणूक चालते, एका खराब कार्डाची दुर्मिळ पाठ सोलून चांगल्या चेहऱ्याच्या कार्डाला चिकटवतात. कड भिंगाखाली धरून थर दिसतायत का बघा, जाडी जास्त लागते का बघा, आणि सगळ्यात सोपं म्हणजे ही जोडी मुळात अस्तित्वात आहे का ते तपासा. जाणकारांनी कुठल्या चेहऱ्याला कुठली पाठ मिळते याच्या याद्या केल्यात. स्पेलिंग चुकलेला मगी आणि पाठीवर स्वीट कॅपोरल, असं दिसलं की पुढे काही बघायची गरजच नाही.

आणि कृपा करून जुन्या वहीत चिकटवलेली कार्डं ओढून काढू नका. तेव्हा मुलं सिगारेटच्या दुकानाबाहेर उभी राहून गिऱ्हाइकांकडून कार्डं मागायची आणि घरी खळीने वहीत चिकटवायची, त्यामुळे हजारो कार्डांची पाठच फाटलेली आहे, कागद वहीला आणि चेहरा हातात. पाठ गेली की ते कार्ड कुठून आलं हे कायमचं गेलं. काही जण स्वच्छ पाण्यात भिजवून सोडवतात, त्यावर दोन मतं आहेत. मी तरी स्वतः करणार नाही, कागदाचं जतन करणाऱ्या माणसाकडे नेईन.

माझे स्वतःचे सोळापैकी सहा ब्रँड झालेत, सगळी कोपरे गेलेली कार्डं, एकही डबीत बंद नाही. ते पहिलं तपकिरी हिंदू मी त्या दिवशी नाही घेऊ शकलो, दोन वर्षांनी दुसरं मिळालं. आता शोधतोय टॉल्स्टॉय. रशियन पद्धतीची, तोंडाकडे कागदी नळी असलेली सिगारेट होती ती, पाठीवर तसं लिहिलेलंच आहे. खऱ्या टॉल्स्टॉयने तर आयुष्याच्या उत्तरार्धात तंबाखू सोडून त्याविरुद्ध लिहिलं होतं, आणि ही कार्डं पाकिटांत जात होती त्याच काळात, १९१० मध्ये, तो वारला. त्याच वर्षी तिकडे दक्षिण आफ्रिकेत गांधीजींनी जोहान्सबर्गजवळच्या आपल्या वसाहतीला टॉल्स्टॉय फार्म नाव दिलं होतं. एका नावाचे एकाच वर्षातले हे तीन धागे, त्यातला एक मला दीड इंचाच्या पुठ्ठ्यावर हातात धरायचाय. पुढच्या महिन्यात परत शो आहे, ते वयस्कर गृहस्थ म्हणालेत की एक आणतो, डाव्या कोपऱ्याला घडी पडलीय पण पाठ स्वच्छ आहे.